गोळीवर गोळी: एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलांची हाडं

निपाणी असो की खानापूर, मेडिकलमध्ये चिठ्ठी न दाखवता मिळणाऱ्या गोष्टींत कॅल्शियमची गोळी अगदी पुढे. ‘पोरगं वयात आलं, पण अंग धरत नाही’ असं म्हटलं की पट्टी काउंटरवर येते. बहुतेक घरांत त्यानं फारसं बिघडत नाही. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी रोजची औषधं, चालू असलेल्या मुलांच्या घरात मात्र ही गोळी विचारून घ्यावी लागते.

अशी मुलं बेळगावकडच्या सीमाभागात आहेत, आणि आता ती मोठी झाली आहेत. १ एप्रिल २००४ पासून देशात सरकारी मोफत एआरटी सुरू झाली. त्यामुळे आईकडून जन्मतःच विषाणू मिळालेली कित्येक मुलं जगली. त्यांतली काही आजीकडे किंवा मामाकडे वाढली आणि आज हायस्कूल-कॉलेजात आहेत. पूर्वी प्रश्न जगण्याचा होता. आता उंची, पाळी, हाडं असे नेहमीचे प्रश्न पुढे येतात. ही मला चांगलीच बातमी वाटते.

हाडांसाठी हे वय फार मोलाचं असतं. उंची झपाट्यानं वाढते त्या दोनेक वर्षांतच प्रौढपणीच्या हाडांतल्या खनिजांचा जवळजवळ पाव हिस्सा भरला जातो. मुलींत हा काळ साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी येतो, मुलांत चौदाव्याच्या आसपास. एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलांत वयात येणं अनेकदा लांबतं. शरीरात सतत धुमसणाऱ्या दाहामुळे हाड झिजवणाऱ्या पेशीही जास्त काम करतात. लहानपणीची उपासमार आणि वारंवारची आजारपणं असतील, तर भर आणखी कमी पडते.

त्यात औषधाचाही थोडा वाटा आहे. दहा वर्षांवरच्या आणि तीस किलोहून जास्त वजनाच्या मुलांना आपल्याकडे साधारणपणे टीएलडी ही तीन औषधांची एकच गोळी मिळते: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रेविर. टेनोफोविरमुळे हाडांना लागणारं फॉस्फेट मूत्रपिंडातून जास्त वाहून जाऊ शकतं. प्रौढांमध्ये उपचाराच्या पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता काही टक्क्यांनी घटते, मग ती घट थांबते. हे वाचून कुणी गोळी बंद करू नये. आटोक्यात न ठेवलेला विषाणू हाडांचं, आणि बाकी सगळ्याचं, यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतो.

मग वरून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं तर? टेनोफोविर घेणाऱ्या १६ ते २४ वयाच्या तरुणांवर अमेरिकेत ४८ आठवड्यांचा एक प्रयोग झाला. एका गटाला महिन्याला ५०,००० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. साधी मल्टिव्हिटॅमिन दोघांनाही होती. ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या कण्याची घनता एखाद्या टक्क्यानं वाढली, पण दोन गटांतला फरक ठाम म्हणावा इतका नव्हता. माझ्या मते यातून घ्यायचं ते एवढंच, की कमतरता असेल तर ती भरून काढावी, सरसकट सगळ्यांना पुरवणी देऊन फार काही साधत नाही. कमतरता दुर्मिळ मात्र नाही. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के किशोरवयीनांत ड जीवनसत्त्व कमी आढळलं होतं. मेडिकलात मिळणारी ६०,००० युनिटची पुडी मनानं महिनोन्‌महिने घेत राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. टेनोफोविरमुळे त्याच मूत्रपिंडावर आधीच लक्ष ठेवावं लागतं.

कॅल्शियमचा हिशेब मात्र ताटातच बराचसा सुटतो. १३ ते १५ वयाला दिवसाला १,००० मिलीग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम असतं, म्हणजे खानापूरकडच्या एका जाडजूड भाकरीत दोनशेच्या आसपास. नाचणीतलं फायटेट हे द्रव्य त्यातलं काही कॅल्शियम अंगी लागू देत नाही. मोड आणून दळलेल्या पिठात ते कमी होतं. म्हशीच्या पेलाभर दुधातून सव्वादोनशे-अडीचशे मिळतं. तिळाची चटणी आणि काट्यांसकट खाल्लेली सुकी बारीक मासळी यांचाही चांगला हातभार लागतो. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत क्षीरभाग्य योजनेचं दूध २०१३ पासून मिळतं, ते मुलांनी टाळू नये. (बेळगावचा कुंदाही दुधाचाच, पण त्यातली साखर पाहता त्याला औषध म्हणता येणार नाही.) दुपारच्या उन्हात खो-खो, कबड्डी, धावणं झालं तर ड जीवनसत्त्वही मिळतं आणि हाडावर हवा तो भारही पडतो.

डॉक्टरांनी कॅल्शियम दिलंच, तर वेळेचा प्रश्न येतो. विषाणूच्या इंटिग्रेज या विकराच्या (एन्झाइमच्या) गाभ्यात धातूचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, असतात. डोल्युटेग्रेविर त्यांनाच चिकटून विकर बंद पाडतं. पण पोटात कॅल्शियम किंवा लोह भेटलं तर डोल्युटेग्रेविर तिथेच त्यांना चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं. उपाशीपोटी दोन्ही एकदम घेतली, तर कॅल्शियममुळे रक्तातलं औषध सुमारे ३९ टक्क्यांनी आणि लोहामुळे ५४ टक्क्यांनी घटतं. जेवणासोबत एकत्र घेतली तर ही घट होत नाही. जेवण नसेल, तर टीएलडी आधी घ्यावी आणि कॅल्शियम दोन तासांनी; कॅल्शियम आधी झालं असेल, तर टीएलडीसाठी सहा तास थांबावं. पोटातल्या जळजळीवरच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पातळ औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे हे अंतर पाळावंच लागतं.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी यात सहसा अडचण करत नाही. ती दुपारच्या जेवणानंतर दोनच्या सुमाराला घेतली आणि टीएलडी रात्री नऊला, तर मध्ये सात तास जातात. टीएलडी सकाळी आठला घेणाऱ्यांचंही अंतर पुरतं.

खरी अडचण गुप्ततेतून येते. एआरटीचं कार्ड बेळगावला, पाय दुखला तर दाखवायला मिरज किंवा कोल्हापूर, आणि त्या डॉक्टरला एआरटीबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. लोक का सांगत नाहीत हे समजण्यासारखं आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं आहे, तरी भीती जात नाही. तिथे सांगणं जमत नसेल, तर दुसरीकडून मिळालेली कॅल्शियमची पट्टी पुढच्या भेटीत एआरटी सेंटरच्या समुपदेशकाला दाखवावी. तोवर ती भरल्या पोटी, जेवणासोबतच घ्यावी.