अंतराळयानाचा रंग कुठे उडतो?

१९७७ साली 'स्टार वॉर्स' पडद्यावर आला, तेव्हा त्यातली यानं वापरून जुनी झालेली दिसत होती. त्याआधीच्या बहुतेक विज्ञानपटांतली यानं कालच कारखान्यातून निघाल्यासारखी स्वच्छ असत. या चित्रपटासाठी १९७५मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसला 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' या स्पेशल इफेक्ट्स कंपनीची कार्यशाळा उभी राहिली. तिथल्या कारागिरांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांचे, जहाजांचे, विमानांचे प्लॅस्टिक किट फोडले, त्यांचे सुटे भाग यानांच्या मॉडेलवर चिकटवले आणि वर काजळी, ओघळ, उडालेला रंग असं सगळं चढवलं. प्रेक्षकांना ती यानं खरी वाटली.

स्केल मॉडेल, म्हणजे ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृती बनवणारे या जुनं दाखवण्याच्या कामाला वेदरिंग म्हणतात आणि त्यातल्या रंगाचे टवके उडवण्याच्या भागाला चिपिंग. तंत्र हाती बसलं की मोह होतो आणि सगळ्या मॉडेलवर सारखेच टवके पसरले जातात. असं यान जुनं न दिसता गोवर आल्यासारखं दिसतं. प्रत्येक टवक्यामागे काहीतरी कारण असतं, आणि ते माहीत असेल तर ब्रश कुठे टेकवायचा हे आपोआप ठरतं.

आधी कडांकडे बघू. ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे वाळल्यावर कडेवरचा थर सपाट भागापेक्षा पातळ राहतो. धक्के आणि घासही कडेलाच जास्त बसतात. म्हणून दाराची चौकट, पायरी, झाकणाचे कोपरे, बिजागरी, जिथे हात किंवा बूट लागतो अशा जागांचा रंग आधी जातो. रस्त्याकडेला उभ्या जेसीबीचं बकेट जवळून बघा. दातांपाशी रोज माती घासते, तिथे पोलाद चकचकीत असतं. थोडं वर, जिथे रंग गेलाय पण घर्षण कमी आहे, तिथे तांबूस गंज धरलेला असतो. त्याच्याही वर पिवळा रंग शाबूत, फक्त उभे ओरखडे. एका हातभर अंतरात तीन वेगवेगळ्या अवस्था दिसतात. मॉडेलवर हा क्रम पकडता आला तर यंत्र काय काम करतं हेही न सांगता कळतं.

पुढचा प्रश्न रंगाखाली काय आहे याचा. लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो रंगाला खालून उचलतो, फोड येतात आणि पोपडे सुटतात. ॲल्युमिनियमचं तसं नाही. हवेशी संपर्क येताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि पुढची झीज थांबते. म्हणून विमानाच्या टवक्यातून चंदेरी धातू दिसतो, तपकिरी गंज नाही. कधीच ग्रहावर न उतरणाऱ्या यानाला तांबूस ओघळ दाखवणं मला तरी पटत नाही. धुळीच्या, दमट ग्रहावर उतरणारं मालवाहू यान असेल तर मात्र खुशाल दाखवावेत.

म्हणजे अंतराळात रंग टिकतो असंही नाही. नासाने एप्रिल १९८४मध्ये एलडीईएफ (लाँग ड्युरेशन एक्स्पोजर फॅसिलिटी) नावाचा, अंतराळात दीर्घकाळ उघड्या राहिलेल्या वस्तूंचं काय होतं ते तपासणारा, बसएवढा उपग्रह कक्षेत सोडला. त्यावर ५७ प्रयोग होते. वर्षभरात परत आणायचा तो जानेवारी १९९०मध्ये खाली आला. तो सगळा काळ त्याची एकच बाजू प्रवासाच्या दिशेला होती. मागच्या बाजूचे पांढऱ्या रंगाचे ठिपके अतिनील किरणांनी तपकिरी पडले होते. पुढच्या बाजूचे तसेच ठिपके पांढरेच राहिले, कारण त्या उंचीवर सुटे फिरणारे ऑक्सिजनचे अणू रंगाचा काळवंडलेला वरचा थर सतत खरवडत होते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचं मॉडेल रंगवणाऱ्याला यासारखा दुसरा धडा नाही: नाकाकडे उजळ, शेपटीकडे करपट. आणि सुटलेला टवका तिथे धोकादायकही ठरतो. जून १९८३च्या मोहिमेत रंगाची एक बारीक कपची 'चॅलेंजर' शटलच्या काचेवर आदळली, खळगा पडला आणि काच बदलावी लागली.

टवका केवढा असावा, हे साध्या गुणाकाराने कळतं. १/७२ प्रमाणाच्या मॉडेलवर एक मिलिमीटरचा टवका म्हणजे प्रत्यक्षात ७२ मिलिमीटर, जवळजवळ तळहाताएवढा. 'स्टार वॉर्स'मधला त्रिकोणी स्टार डिस्ट्रॉयर कथेत १,६०० मीटर लांब आहे, तर पहिल्या चित्रपटासाठी बनवलेलं त्याचं मॉडेल साधारण ९१ सेंटिमीटरचं होतं. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे पावणेदोन मीटर! एवढ्या प्रचंड जहाजावर टवके दाखवूच नयेत. पत्र्यापत्र्यांतला करड्या छटांचा हलका फरक पुरतो.

आता प्रत्यक्ष कृती. माझी आवडती पद्धत हेअरस्प्रेची. आधी धातूचा किंवा गंजाचा रंग द्यायचा, तो इनॅमल किंवा लॅकर असलेला बरा, म्हणजे पाण्याने हलत नाही. त्यावर हेअरस्प्रेचे दोन पातळ हात. दहा-पंधरा मिनिटांत तो वाळला की वरून यानाचा मुख्य रंग, पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक, एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनसारख्या साधनाने, पातळ मारायचं. रंग हाताला लागेनासा झाला की एका छोट्या भागावर कोमट पाणी लावून मिनिटभर थांबायचं आणि आखूड, ताठ केसांच्या ब्रशने कडेवर हलके टोकायचं. सुरुवातीला काहीच होत नाही. मग एक बारीक कण सुटतो, त्याच्या शेजारचा सुटतो, आणि बघता बघता कडेला नागमोडी, तुटक रेघ उमटते. हाताने रंगवून इतकी बेशिस्त रेघ येणं फार कठीण. लांब ओरखडे हवे असतील तर दातकोरणी ओढावी.

यामागचं रसायन सोपं आहे. केस जागेवर धरणारं पण धुतल्यावर निघून जाणारं पॉलिमर हेअरस्प्रेत असतं. कित्येक हेअरस्प्रेंत ते पॉलिव्हिनाइल पायरोलिडोनच्या कुळातलं असतं, जे पाण्यात सहज विरघळतं. ॲक्रिलिक रंगात पॉलिमरचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो, पण तो घट्ट व्हायला वेळ लागतो. त्याआधी पापुद्र्यातल्या बारीक फटींतून पाणी आत शिरतं, खालचं पॉलिमर मऊ करतं आणि वरच्या रंगाचा आधार सुटतो. म्हणून वरचा थर जाड झाला किंवा रात्रभर ठेवला की टवके मनासारखे निघत नाहीत. ॲक्रिलिक पातळ करायला पाणीच वापरावं. लॅकर थिनर घातला तर रंग खालच्या थरात घुसून पकड घेतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत रंग वाळायला जास्त वेळ लागतो, तेव्हा घड्याळावर न जाता बोटाने अंदाज घ्यावा.

मोठे, वेडेवाकडे पोपडे हवे असतील तर ओल्या पृष्ठभागावर मीठ भुरभुरवून, वाळल्यावर वरून रंग मारून ते खरवडतात. बारीक टवक्यांसाठी स्पंजचा फाटका तुकडा गडद रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून टेकवला तरी चालतं. आधी फिकट टवका आणि त्याच्या आत त्याहून लहान गडद टवका दिला, तर वरचा रंग, प्रायमर (रंगाखालचं अस्तर) आणि धातू असे थर दिसतात.

टवके झाले की सॅटिन (मंद चमकेच्या) किंवा ग्लॉस (चकचकीत) व्हार्निशने ते पक्के करावेत आणि मगच वॉश, म्हणजे सांधे गडद करणारा खूप पातळ केलेला तैलरंग घ्यावा. गुळगुळीत पृष्ठभागावर वॉशचा थेंब पत्र्याच्या सांध्यावर टेकवला की केशाकर्षणाने तो सांध्यातून पुढे धावतो. मॅट, म्हणजे बिनचमकेच्या पृष्ठभागावर तोच थेंब आजूबाजूला शोषला जाऊन डाग पडतो. म्हणून मॅट व्हार्निश सगळ्यात शेवटी, आणि धुळीची पूड त्याच्याही नंतर, कारण ओल्या व्हार्निशखाली गेली की पूड जवळजवळ नाहीशी होते.