रोहित्र-तेलाचा नमुना घेणे

रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर), तेलाचे ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारी यंत्रे) आदी विद्युत उपकरणांतील निरोधक तेल चाचणीसाठी बाहेर काढण्याची रीत. चाचणी विभागात व वायरमन मंडळींत ती ‘सॅम्पल काढणे’ म्हणून ओळखली जाते. खानदेशात भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रातील ५०० मेगावॅट संचांच्या रोहित्रांपासून रावेर-यावलच्या केळीबागांना वीज देणाऱ्या डीपीपर्यंत (लहान वितरण रोहित्रापर्यंत) ती लागू पडते.

रोहित्र तेलात बुडवून ठेवण्याची कल्पना साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतील मानली जाते. नमुना काढण्याचे लिखित शास्त्र बरेच नंतरचे. आयईसी ६०४७५ हे आंतरराष्ट्रीय मानक १९७४ मध्ये निघाले व २०११ मध्ये सुधारले गेले. भारतीय मानक आयएस ६८५५ याच विषयावर आहे.

नमुना बिघडला की चांगले तेलही नापास ठरते. बीडीव्ही (भंजन व्होल्टता, म्हणजे तेलातून ठिणगी पडते तो विद्युतदाब) चाचणीत दोन विद्युतअग्रांमधील अंतर अवघे २.५ मिलिमीटर असते. ओलसर तंतू विद्युतक्षेत्रामुळे त्या फटीत ओढले जातात, तिथे साखळी धरतात आणि ठिणगी लवकर पडते. म्हणून व्हॉल्व्हचे तोंड कापसाच्या चिंधीने पुसणे हा मोठा दोष होय. कापूस पिकवणाऱ्या खानदेशात अशी चिंधी सहज हाताशी असते, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. तंतू न सोडणाऱ्या कापडाने तोंड पुसावे, साचलेले तेल आधी वाहू द्यावे, कोरडी गडद काच-बाटली त्याच तेलाने विसळावी आणि धार बाटलीच्या कडेने, बुडबुडे न येऊ देता सोडावी. तेल प्रसरण पावते, म्हणून वर थोडी जागा ठेवावी. पावसात किंवा धूळवाऱ्यात नमुना घेऊ नये.

नमुना तळातून घ्यावा की वरून, याबाबत मतभेद आहेत. पाणी तेलापेक्षा जड असल्याने मोकळे पाणी व गाळ तळाशी बसतो. त्यामुळे तळाचा नमुना सर्वांत वाईट स्थिती दाखवतो, असा एक पक्ष. तळाचे तेल संपूर्ण टाकीचे प्रतिनिधित्व करत नाही, असा दुसरा. ओलावा व बीडीव्हीसाठी पहिला पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मात्र तेलाचे तापमान लिहिलेच पाहिजे. तापलेले तेल थंड तेलाच्या कित्येक पट पाणी विरघळवून ठेवते व निवताना ते सोडते. भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, भर दुपारी घेतलेला आणि पहाटे घेतलेला नमुना म्हणूनच सरळ ताडून पाहता येत नाही. चिठ्ठीवर तापमान नसेल, तर ओलाव्याचा आकडा अर्धाच बोलतो.

विरघळलेल्या वायूंच्या विश्लेषणासाठी (डीजीए) बाटलीऐवजी तीन-मार्गी तोटी लावलेली काचेची सिरिंज वापरतात. हवेचा बुडबुडा आत राहिला, तर तेलातील हायड्रोजन त्यात निघून जातो आणि निष्कर्ष चुकतो. सिरिंज उन्हात ठेवू नये.

लहान डीपीत तेल कमी असते. नमुन्यानंतर पातळी पाहून भर घालावी लागते. सीटी, पीटी (प्रवाह व विद्युतदाब मोजण्यासाठीची रोहित्रे) यांसारख्या बंदिस्त उपकरणांत तर टाकीत उणा दाब असू शकतो. अशा वेळी व्हॉल्व्ह उघडताच तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते, म्हणून पुरवठा बंद करून, निर्मात्याच्या सूचनेनुसारच नमुना घेतात.