तीस मिलिसेकंदांचा झोक

5 जानेवारी 1958, रविवार. न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक गावी एका घराच्या दिवाणखान्यात पाच वादक जमले होते. घर रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांचं. हा गडी दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात याच खोलीत जॅझच्या तबकड्या ध्वनिमुद्रित करायचा. त्या दिवशी पियानोवर होता सव्वीस वर्षांचा सॉनी क्लार्क. अल्बमचं नाव ‘कूल स्ट्रटिन’. स्ट्रट म्हणजे ऐटीत, झोकात चालणं. मुखपृष्ठावरही रस्त्यानं निघालेल्या एका बाईचे नुसते पाय आहेत.

हा अल्बम हार्ड बॉप या जॅझशैलीतला. बीबॉप या वेगवान जॅझच्या भरधाव तानांमध्ये ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकगीतांचा, आणि चर्चमधल्या गाण्याचा ओलावा मुरला की हार्ड बॉप होतो, असं ढोबळमानानं म्हणता येईल. पण ही चाल झोकदार वाटते ती कशामुळे?

या अल्बमवरचा ड्रमवादक फिली जो जोन्स याच्या झांजेकडे कान द्या: टिंग, टिंग-ट-टिंग. एका ठोक्यात दोन स्वर, पण सारखे नाहीत; पहिला लांब, दुसरा आखूड. पुस्तकात हे प्रमाण 2:1 लिहितात. प्रत्यक्षात ते लयीबरोबर बदलतं. मिनिटाला 200 ठोके असतील तर एक ठोका 300 मिलिसेकंदांचा (हजार मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद). त्याचे साधारण 200 आणि 100 असे तुकडे पडतात. लय उतरली की लांब स्वर आणखी लांबतो, फार चढली की दोन्ही जवळजवळ सारखे होतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी नामांकित ड्रमवादकांच्या ध्वनिमुद्रणांवर मोजमापं केली, ती 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यम ते द्रुत लयीत आखूड स्वर 100 मिलिसेकंदांच्या आसपासच राहतो, असं त्यांना आढळलं.

एवढं गणित संगणकाला शिकवलं तरी त्याचं वाजवणं ठोकळेबाजच वाटतं. उरलेलं गुपित जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या भौतिकशास्त्रज्ञांनी 2022 मध्ये मांडलं. पियानोवादनाच्या ध्वनिमुद्रणात त्यांनी ठोक्यावरचे स्वर सुमारे 30 मिलिसेकंद मागे सरकवले आणि दोन ठोक्यांमधले आखूड स्वर मात्र झांजेबरोबरच ठेवले. ऐकणाऱ्यांनी बहुतेक वेळा हेच वादन जास्त ‘स्विंग’, म्हणजे जास्त झोकदार, ठरवलं. सगळेच स्वर मागे सरकवले असते तर वादक नुसता रेंगाळतोय असं वाटलं असतं. इथे तो उशिरा पाऊल टाकतो आणि पुढच्याच स्वराला झांजेला गाठतो.

30 मिलिसेकंद म्हणजे किती? तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम 10 मीटर जातो. म्हणजे पियानो खोलीच्या पार पलीकडे, शेजारच्या घरात ठेवल्यासारखा फरक. (मात्र तसा खरोखर ठेवून भागणार नाही, कारण मग आखूड स्वरही तेवढेच मागे पडतील.)

पियानोवर मींड काढता येत नाही. आपल्या पेटीचीही तीच तक्रार. ब्लूजमधला वाकलेला सूर क्लार्कसारखे वादक शेजारच्या पट्टीला निसटता स्पर्श करून सुचवतात, आणि स्वर कधी पडतो हे तर पूर्णपणे बोटांच्या हाती असतं. अल्बमला जिचं नाव दिलंय ती ‘कूल स्ट्रटिन’ ही रचना हेडफोन लावून ऐका. पॉल चेंबर्सच्या बासवर (खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर) बोटानं ताल धरा आणि क्लार्कचा उजवा हात त्या बोटाच्या पुढे पडतो की मागे, ते पाहा. लगेच कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. ग्योटिंगेनच्या प्रयोगातल्या कसलेल्या जॅझवादकांनाही काहीतरी वेगळं आहे हे जाणवत होतं, नेमकं काय ते सांगता येत नव्हतं.