बियर्डमोर हिमनदी: ध्रुवाची वाट आणि तिथले दगड

अंटार्क्टिकाचे दोन भाग करणारी ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांग सुमारे ३,५०० किलोमीटर लांब आहे. तिच्या एका बाजूला पूर्व अंटार्क्टिकाचे उंच बर्फाळ पठार, दुसऱ्या बाजूला समुद्रावर तरंगणारे, फ्रान्सएवढे पसरलेले रॉस आइस शेल्फ. पठारावर साचत गेलेला बर्फ स्वतःच्याच वजनाने समुद्राकडे सरकतो, पण मध्ये हे डोंगर धरणाच्या भिंतीसारखे आडवे येतात. जिथे खिंड सापडते तिथून तो बर्फ खाली उतरतो. अशा वाटांपैकी एक म्हणजे बियर्डमोर हिमनदी. लांबी सुमारे २०० किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी ४० किलोमीटरपर्यंत. पश्चिमेला क्वीन अलेक्झांड्रा रांग, पूर्वेला कॉमनवेल्थ रांग. पश्चिमेकडच्या रांगेतले माउंट कर्कपॅट्रिक हे शिखर साडेचार हजार मीटरच्या वर जाते.

नकाशावर ही सरळ, रुंद वाट वाटते. प्रत्यक्षात पठारावरून घसरत येणारे थंड वारे भुसभुशीत बर्फ उडवून नेतात आणि खाली काचेसारखा टणक, निळा बर्फ उरतो. त्यावर पाय ठरत नाही. बाजूच्या हिमनद्या जिथे येऊन मिळतात, तिथे बर्फाचे दोन प्रवाह एकमेकांवर रेटले जातात आणि पृष्ठभाग भेगांनी फाटतो. काही भेगांवर ताज्या बर्फाचा पातळ पूल असतो, आणि माणूस त्यावर उभा राहीपर्यंत खालची पोकळी कळत नाही.

ही वाट सापडली ती दक्षिण ध्रुवाच्या शोधात. १९०२ च्या डिसेंबरअखेरीस रॉबर्ट स्कॉट, एडवर्ड विल्सन आणि अर्नेस्ट शॅकल्टन आइस शेल्फवरून दक्षिणेकडे ८२ अंश १७ मिनिटांपर्यंत पोचले होते. पश्चिमेला डोंगरांची भिंत दिसत होती, पण ती पुढे कुठे वळते याचा पत्ता नव्हता. सहा वर्षांनी शॅकल्टन स्वतःची मोहीम घेऊन परतला. २९ ऑक्टोबर १९०८ रोजी तो जेमसन अ‍ॅडम्स, एरिक मार्शल आणि फ्रँक वाइल्ड यांच्यासह केप रॉइड्सहून निघाला. पुढे लक्षात आले की डोंगर आग्नेयेकडे वळून थेट त्यांच्या वाटेत येत आहेत. आता डोंगर ओलांडल्याशिवाय ध्रुव नव्हता. डिसेंबरच्या सुरुवातीला ते एका लहान शिखरावर चढले आणि समोर दक्षिणेकडे चढत गेलेली प्रचंड हिमनदी दिसली. त्या शिखराला त्यांनी माउंट होप म्हटले. हिमनदीला नाव दिले विल्यम बियर्डमोरचे, म्हणजे मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या ग्लासगोच्या उद्योगपतीचे.

७ डिसेंबरला त्यांचा शेवटचा घोडा, सॉक्स, भेगेत पडला. त्याला घेऊन चालणारा वाइल्ड थोडक्यात वाचला. घोडा जुंपलेला दांडा तुटला म्हणून स्लेजही वाचली. घोडा गेला म्हणजे ओझे ओढणारा गेला, आणि पुढे खायचे मांसही गेले. त्यानंतर चौघांनी स्वतःच्या अंगाने स्लेज ओढत, कोणताही नकाशा नसताना, ही हिमनदी चढून काढली. ९ जानेवारी १९०९ रोजी, ध्रुव सुमारे १८० किलोमीटरवर असताना, शॅकल्टनने परतायचे ठरवले. उतरताना हिमनदीच्या पायथ्याचा साठा गाठेपर्यंत अन्न संपलेले होते. ध्रुवाच्या इतिहासात या चौघांना बहुधा ‘अपयशी’ रकान्यात टाकतात, आणि मला ते अन्यायाचे वाटते. अनोळखी पर्वतरांगेतून पठारावर, ध्रुवाकडे जाणारी वाट त्यांनी पहिल्यांदा शोधली आणि चौघेही जिवंत परत आले.

तीन वर्षांनी स्कॉटने हीच वाट धरली. डिसेंबर १९११ च्या सुरुवातीला पायथ्याशीच वादळाने त्यांना चार दिवस तंबूत अडकवले. ९ तारखेला उरलेले घोडे मारावे लागले, ११ ला कुत्र्यांच्या तुकड्या मागे फिरल्या. वरची सगळी चढण माणसांनी ओढली. रोआल्ड अमुंडसेनने त्याच सुमारास पूर्वेकडची आखूड पण तीव्र उताराची अ‍ॅक्सेल हायबर्ग हिमनदी कुत्र्यांच्या जोरावर चढून १४ डिसेंबरला ध्रुव गाठला. स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स आणि एडगर इव्हान्स १७ जानेवारी १९१२ ला तिथे पोचले.

परतीच्या वाटेवर, ८ फेब्रुवारी १९१२ रोजी, हिमनदीच्या वरच्या टोकाशी माउंट बकलीच्या कड्याखाली ते थांबले. वारा नव्हता. वाइल्डला १९०८ मध्ये याच भागात कोळशाचे थर दिसले होते. विल्सन हा डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक. त्याने वालुकाश्म आणि कोळशाच्या थरांतून पानांचे ठसे असलेले तुकडे गोळा केले. ही पाने बीच वृक्षाच्या पानांसारखी दिसतात, असे त्याने वहीत लिहिले. सुमारे १६ किलो दगड स्लेजवर चढले. पुढचे काही दिवस ते भेगांच्या जंजाळात वाट चुकले. १७ फेब्रुवारीला हिमनदीच्या पायथ्याशी एडगर इव्हान्सने प्राण सोडला. उरलेले चौघे आइस शेल्फवर संपले. नोव्हेंबरमध्ये शोधपथक तंबूपर्यंत पोचले तेव्हा ते दगड तिथेच होते. मरेपर्यंत कोणी टाकले नव्हते.

त्या दगडांच्या वजनाने हे लोक मेले, अशी टीका अधूनमधून होते. ती मला पटत नाही. मार्चमधली थंडी, कमी पडलेले इंधन, महिनोन्महिन्यांची उपासमार आणि स्कर्व्हीची (क जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या आजाराची) शंका यांपुढे १६ किलोंचा हिशेब फार छोटा आहे. उलट त्या मोहिमेतून जे टिकाऊ हाती आले, त्यात हे दगड फार वर आहेत.

केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट सेवर्ड यांनी त्यांचा अभ्यास केला आणि १९१४ मध्ये निष्कर्ष छापला. विल्सनला बीचसारखी वाटलेली पाने होती ग्लॉसोप्टेरिसची, आणि सेवर्ड यांनी त्यांना ग्लॉसोप्टेरिस इंडिका या जातीत ठेवले. पर्मियन काळात, पंचवीसेक कोटी वर्षांपूर्वी, वाढलेली आणि पुढे पूर्ण नष्ट झालेली ही झाडे. हीच पाने भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या खडकांत आधीच सापडलेली होती. आपल्याकडचा धागा तर नागपूरचा आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर परिसरात गोळा केलेल्या वनस्पती-जीवाश्मांवर १८६१ मध्ये चार्ल्स बन्बरी यांचा लेख आला. त्यात ग्लॉसोप्टेरिस होते. चंद्रपूर, बल्लारपूर, वणीचा कोळसा याच गोंडवन काळातल्या, म्हणजे दक्षिणेकडचे खंड एकत्र जोडलेले असतानाच्या, दलदलींतून तयार झाला. म्हणजे वर्धा खोऱ्यातल्या खाणीत काम करणारा माणूस आणि माउंट बकलीखाली थांबलेला विल्सन, दोघांनी एकाच प्राचीन भूमीचा कोळसा हातात घेतला. अंटार्क्टिका कधीतरी या भूभागांना जोडलेली होती, या मताला तिथला हा पुरावा मिळाला. खंड सरकतात हे मान्य व्हायला मात्र आणखी अर्धशतक लागले.

मध्यंतरी हिमनदीने आणखी एक शोकांतिका पाहिली. १९१६ च्या जानेवारीत रॉस समुद्राच्या बाजूच्या पथकाने शॅकल्टनच्या खंड ओलांडणाऱ्या चमूसाठी माउंट होपपाशी अन्नसाठा ठेवला. तिकडे त्याचे जहाज एन्ड्युरन्स वेडेल समुद्रात आधीच बुडाले होते. साठा वापरायला कोणी येणारच नव्हते, आणि त्या कामात तीन माणसे गेली.

पुढे विमाने आली आणि दगड पुन्हा बोलू लागले. १९६७ मध्ये न्यूझीलंडचे पीटर बॅरेट यांना हिमनदीजवळच्या ग्रॅफाइट पीकवर प्राचीन उभयचराच्या जबड्याचा तुकडा मिळाला. डिसेंबर १९६९ मध्ये कोलसॅक ब्लफवर लिस्ट्रोसॉरसचे अवशेष निघाले. गोड्या पाण्याकाठी राहणारा हा जमिनीवरचा प्राणी भारतात आणि आफ्रिकेतही सापडतो. महासागर पोहून जाणे त्याला शक्य नव्हते. १९९१ मध्ये विल्यम हॅमर यांच्या चमूने माउंट कर्कपॅट्रिकवर सुमारे ४,००० मीटर उंचीवर मोठा मांसाहारी डायनासोर खोदला. १९९४ मध्ये त्याला क्रायोलोफोसॉरस हे नाव मिळाले.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा शोध मात्र १९८०च्या दशकातला आहे. हिमनदीच्या वरच्या भागात, डोमिनियन रांगेतल्या ऑलिव्हर ब्लफ्सच्या हिमोढांत (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीत) नोथोफॅगसची, म्हणजे दक्षिणेकडच्या बीचची, पाने आणि लाकूड मिळाले. विल्सनच्या पानांशी त्यांचा संबंध नाही. ही फार नंतरची, खुरटी, जमिनीलगत वाढणारी झुडपे. वाद त्यांच्या वयाचा आहे. काही संशोधकांनी सोबतच्या सूक्ष्म शैवालांवरून ती सुमारे ३० लाख वर्षांपूर्वीची ठरवली. तसे असेल तर पृथ्वी आजच्यापेक्षा फारशी उष्ण नसताना पूर्व अंटार्क्टिकाचे बर्फ बरेच मागे हटले होते. इतरांचे म्हणणे, ती शैवाले वाऱ्याने उडून नंतर मिसळली असू शकतात, आणि झुडपे त्याहून कितीतरी जुनी आहेत. वितळले तर जगभरच्या समुद्रांची पातळी ५० मीटरच्या वर चढवेल एवढे बर्फ पूर्व अंटार्क्टिकात आहे. ते किती उष्णतेपर्यंत टिकते, याचा थेट पुरावा म्हणून या झुडपांचे वय ठरवण्याचे प्रयत्न संशोधकांनी दशकानुदशके चालू ठेवले आहेत.