पुण्याचा महसीर: मुळा-मुठेपासून वळवणच्या तळ्यापर्यंत

माशांच्या शास्त्रीय नावांची यादी चाळताना पुण्याकडचा माणूस मध्येच थबकतो. लेबिओ बोगट, हिप्सेलोबार्बस कोलस, टोर खुद्री. पहिला शब्द परका, दुसरा ओळखीचा. ही नावं विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानं दिली. १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारनं त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं होतं. शेती, लोकसंख्या, पाऊसपाणी यांच्या नोंदी करता करता त्यानं इथले मासेही पाहिले आणि लोक त्यांना ज्या नावानं हाक मारत तीच नावं शास्त्रात नेली. नाकावर टेंगूळ असलेला ‘नुक्ता’ त्याला चाकणजवळ इंद्रायणीत मिळाला. ‘खुद्री’, म्हणजेच दख्खनचा महसीर, मिळाला पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. १८३९ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. म्हणजे या महसिराची जगाशी पहिली ओळख झाली ती पुण्याच्या नदीतून. संगम पुलावरून आजचं पाणी पाहताना मला हे दर वेळी आठवतं.

आपल्याकडे त्याला खडशी किंवा खडची म्हणतात, कुठे महाशीरही. मोठे खवले, जाड ओठ, निळसर पर. अंगानं मोठा आणि चवीला उत्तम, त्यामुळे नदीकाठच्या भोयांच्या जाळ्यात त्याला नेहमीच मान होता. पण त्याची खरी ओळख त्याच्या प्रवासात आहे. पावसाळ्यात नदीला लोंढा आला की तो उलटा वर निघतो आणि गोटे-वाळूच्या उथळ, स्वच्छ, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. चढणीचे मासे म्हणतात त्यांतलाच हा. याची अंडी तरंगत नाहीत, तळाशी जातात. तळात गाळ असेल तर ती गुदमरतात. आणि चढणीच्या दिवसांत ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावून बसणाऱ्याला पोटात अंडी असलेली मादी सहज सापडते. सुरुंग लावून आणि पाण्यात विष कालवून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यानंच बंदी घातली. तेव्हाही हे प्रकार सर्रास चालत असणार, एरवी कायद्यात त्यांची नावं कशाला आली असती?

मग धरणं आली. मुठेवर खडकवासला १८७९ मध्ये पूर्ण झालं. पुढे टाटांच्या वीज प्रकल्पांसाठी लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधले गेले आणि १९१५ मध्ये खोपोलीत वीज सुरू झाली. मुळशीचं धरण शेतकऱ्यांच्या सत्याग्रहाला न जुमानता उभं राहिलं. नंतर पानशेत, पवना, वरसगाव. प्रत्येक भिंतीनं चढणीची एक वाट बुजवली. या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. भिंतीच्या वरच्या अंगाला अडकलेल्या माशांना घाटमाथ्याचा पाऊस आणि शहराच्या सांडपाण्यापासून दूर असलेलं पाणी मिळालं. तलावाला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांत ते अंडी घालत राहिले. खाली नदी बिघडत गेली आणि वर तळ्यात मासा तगला.

अशाच एका तळ्याकाठी, लोणावळ्याजवळ वळवणला, १९७० च्या सुमारास टाटांच्या मत्स्यकेंद्रात महसिराचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. राज्याचे माजी मत्स्यसंचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्यासोबत एस. एन. ओगले यांचं हे काम. कुलकर्णींनी या माशाचं अंडी घालणं आणि पिलांची वाढ यांवरचा अभ्यास १९७१ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला. पावसाळ्यात तयार माद्या धरायच्या, पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढायची, त्यांत नराचं वीर्य मिसळायचं आणि उथळ तसराळ्यांत वाहत्या पाण्याखाली ती जपायची. ही अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर पाठवता येतात, हेही इथंच दिसून आलं. जिवंत बीज पोहोचवणं मुश्कील होतं त्या काळात ही फार मोठी सोय होती. वर्षानुवर्षं इतक्या चिकाटीनं चाललेलं हे काम मला मनापासून आदराचं वाटतं.

पण या बिजाचा एक प्रवास दुखरा आहे. १९७० च्या दशकात लोणावळ्याची पिल्लं कर्नाटकात गेली आणि कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता, गळाच्या माशांनी नदी पुन्हा भरावी एवढाच. कावेरीत मात्र तिथला स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर होता. १९९८ ते २०१२ या काळातल्या गळाला लागलेल्या माशांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की आपला निळ्या परांचा खडशी वाढत गेला आणि तिथला उंचवट्याचा महसीर जवळजवळ दिसेनासा झाला. त्याला शास्त्रीय नावही धड नव्हतं. साइक्सनं शिरूरला घोड नदीत पाहिलेल्या वेगळ्याच माशाचं ‘मुसुल्ला’ हे नाव कित्येक दशकं त्याच्यावर लादलेलं होतं. कावेरीतला तो महसीर म्हणजे टोर रेमादेवी, हे २०१८ मध्ये ठरलं आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आपला खडशी २०११ मध्ये धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत संकटग्रस्त होता. नंतरच्या फेरतपासणीत तो त्या वर्गातून बाहेर आला. या बदलानं मला समाधान वाटत नाही. मासा देशभर असेल, पण ज्या पाण्यात त्याचं नाव ठरलं तिथं त्याच्या जागी आता चिलापी आहे. आफ्रिकेतून आलेली आणि १९५२ मध्ये भारतात आणलेली ही तिलापिया गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही वाढते.

माणसांनी हा मासा आपणहून राखल्याच्या जागाही आहेत. घाटाखाली महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून महसिरांना कुणी हात लावत नाही. आपल्याकडे देहूला इंद्रायणीच्या डोहातल्या माशाला देवमासा म्हणतात. वारकरी त्याला लाह्या-चुरमुरे घालतात, पकडत कुणी नाही. गेल्या काही वर्षांत याच इंद्रायणीत मेलेले मासे घाटाला लागल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा आल्या. त्यांना कुणी गळ टाकला नव्हता, जाळंही लावलं नव्हतं. वरून सांडपाणी आलं होतं. आणि ज्या वळवणच्या तळ्याकाठी या माशाची पिल्लं जन्माला घातली जातात, ते तळं याच नदीच्या खोऱ्यात, देहूच्या वरच्या अंगाला आहे.