बैलही फिरतो, चरकही फिरतो: रोटेट आणि रिव्हॉल्व्ह

खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शिकवताना एक वाक्य दरवर्षी वहीत सापडतं: 'द अर्थ रोटेट्स अराउंड द सन.' पोरांना दोष द्यावासा वाटत नाही. आपल्याकडं पंखा फिरतो, आकाशात घार फिरते आणि माणूस बाजारभर फिरतो. एवढ्या सगळ्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत मात्र आधी आस कुठं आहे ते बघावं लागतं.

आस वस्तूच्या आतून जात असेल तर रोटेट, आणि वस्तू दुसऱ्या कशाभोवती फेरी घालत असेल तर रिव्हॉल्व्ह. भूगोलाच्या पुस्तकातलं परिवलन आणि परिभ्रमण ते हेच. पृथ्वीचं परिवलन सुमारे २४ तासांत होतं, परिभ्रमणाला सुमारे ३६५ दिवस ६ तास लागतात. घरी कन्नड ऐकणाऱ्या पोरांना मी 'सूर्यन सुत्त' आठवायला सांगतो. 'सुत्त' म्हणजे भोवती, तिथं रिव्हॉल्व्ह.

फळ्यावर मी जुनं, बैलाचं गुऱ्हाळ काढतो. मधे चरक, त्याला लांब आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला बैल. चरकाचे रूळ जागच्या जागी फिरून ऊस पिळतात, म्हणजे ते रोटेट होतात. बैल चरकाभोवती रिंगण धरतो, तो रिव्हॉल्व्ह होतो.

एकदा एका पोरीनं विचारलं, "सर, मग बैल स्वतःभोवती फिरतच नाही?" फार चांगला प्रश्न. बैलाच्या तोंडाकडं बघा. फेरी सुरू होताना ते पूर्वेला असेल, तर एका फेरीत चारही दिशा बघून पुन्हा पूर्वेला येतं. म्हणजे एका परिभ्रमणात त्याचं एक परिवलनही झालं, आणि चरकाला कायम त्याची एकच कूस दिसली. चंद्राचंही असंच आहे. पृथ्वीभोवतीची फेरी आणि स्वतःभोवतीची गिरकी, दोन्हींना त्याला सुमारे २७.३ दिवस लागतात, म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते.

स्पिन म्हणजे वेगानं रोटेट होणं: भोवरा, फिरकीचा चेंडू. घारीच्या घिरट्यांना सर्कल म्हणायचं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. रोजच्या बोलण्यात इंग्रजी भाषिकही हा भेद पाळतातच असं नाही. मोठ्या हॉटेलांतलं गोल फिरणारं दार स्वतःच्याच आसाभोवती फिरतं, तरी त्याचं नाव 'रिव्हॉल्व्हिंग डोअर'. विज्ञानाच्या पेपरात ही सूट मिळत नाही.