वयात येणं: कमरेखालून मेंदूपर्यंत

कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. खोंड खच्ची केला नाही तर त्याचं वशिंड भरतं, तो अंगावर येतो. वेळेत खच्ची केला की तोच गुमान जुवाला मान देतो. तालमीत मिसरूड फुटलेल्या पोराला वस्ताद सांगायचे, ‘लंगोट सांभाळ.’ मुलीच्या बाबतीत ‘पदर आला’ म्हटलं की संपलं. सगळा हिशेब कमरेखालचा.

विज्ञानानंही सुरुवात तिथूनच केली. १८४९ मध्ये जर्मनीत अर्नोल्ड बर्टहोल्डनं कोवळ्या कोंबड्यांची वृषणं काढली. ज्यांची नुसतीच काढली, त्यांना तुरा धड आला नाही. काहींच्या पोटात मात्र त्यानं वृषण भलत्याच जागी बसवलं. जुने मज्जातंतू तुटलेले, तरी ते कोंबडे ऐटीत आरवू लागले. म्हणजे निरोप मज्जातंतूंतून नव्हे, रक्तातून जात होता. त्या निरोपाला ‘हॉर्मोन’ हे नाव मिळायला १९०५ उजाडलं. १९२९ मध्ये बाईच्या शरीरातलं, इस्ट्रोजेन गटातलं इस्ट्रोन हाती लागलं, १९३५ मध्ये पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन. मधल्या काळात जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांटनं पोलिसांची सुमारे १५,००० लिटर लघवी आटवून अँड्रोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनचे काही मिलिग्रॅम काढले होते!

पण वृषणाला किंवा अंडाशयाला जागं कोण करतं? फिलिप स्मिथनं १९२०च्या दशकात उंदरांची पिट्युटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी, काढली, तर खालच्या ग्रंथी आक्रसल्या. पिट्युटरीची एफएसएच आणि एलएच ही हॉर्मोनं मुलामुलींत अगदी तीच असतात. मुलीत ती अंडाशयाकडून इस्ट्रोजेन करवून घेतात, मुलात वृषणाकडून टेस्टोस्टेरॉन. नाव मात्र पडलं बाईच्या शरीरावरून: एफएसएचमधला ‘एफ’ म्हणजे अंडाशयातलं फॉलिकल, बीजाची पिशवी.

पिट्युटरीच्याही डोक्यावर मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग बसलेला. पिट्युटरीला हुकूम देणारं त्याचं हॉर्मोन, जीएनआरएच, १९७१ मध्ये उलगडलं. शॅली या शास्त्रज्ञानं त्यासाठी डुकरांचे मेंदू जमवले, गिमाँनं मेंढ्यांचे; दोघांना १९७७ चं नोबेल मिळालं. खरी गंमत नोबिल या शास्त्रज्ञाच्या माकडांनी दाखवली. जीएनआरएच तासातासानं थोडं थोडं दिलं तर एलएच वाढतं, सलग देत राहिलं तर पडतं. मुलामुलींत हे ठोके आधी रात्री झोपेत सुरू होतात. मिसरूड आणि पाळी फार नंतरची. आठच्या आत मुलीला किंवा नऊच्या आत मुलाला वयात येण्याच्या खुणा दिसल्या तर तपासणी लागते, आणि गरज पडल्यास डॉक्टर जे इंजेक्शन देतात ते जीएनआरएचचंच भावंड. ते अंगात सलग राहतं, म्हणून ठोका बुजतो.

२००३ मध्ये शोध आणखी एक पायरी वर गेला. जीएनआरएचला डिवचणारं किसपेप्टिन हे द्रव्य कळलं; ते आधीच सापडलं होतं कर्करोगाच्या संशोधनात, अमेरिकेतल्या हर्शी गावात. नाव पडलं तिथल्या ‘किसेस’ चॉकलेटवरून.